‘नीट’ आणि ‘नीट’ : एका इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा आणि वऱ्हाडी लेखनाचे मूल्यमापन

प्रस्तावना

देवनागरी लिपीत लिहिले की दोन भाषांतील दोन स्वतंत्र शब्द एकमेकांत बेमालूम मिसळून जातात. ‘नीट’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. मराठीत ‘नीट’ आहे आणि इंग्रजीतही ‘नीट’ आहे. उच्चार जवळजवळ एक आणि अर्थही वरवर पाहता सारखाच. त्यामुळे हे दोन शब्द मुळात एकच असावेत असा समज विद्यार्थ्यांतच नव्हे तर सुशिक्षितांतही आढळतो. अमरावती-अकोला परिसरात मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘नीट बस’ या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करावयास सांगितले, तर ‘सिट नीटली’ असे उत्तर मिळण्याचा संभव बराच असतो. ही चूक केवळ व्याकरणाची नाही. त्या चुकीत दोन भाषांच्या टापटिपीविषयीच्या कल्पनांतील अंतर दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या अंतराचा शोध घेण्याचा आणि त्याचा वऱ्हाडी बोलीतील साहित्याच्या मूल्यमापनाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

इंग्रजी ‘नीट’ची वाटचाल

इंग्रजी ‘नीट’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. मूळ लॅटिन शब्द ‘निटिडस’ आणि त्यामागचा धातू ‘निटेरे’, म्हणजे चकाकणे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तेव्हा त्याचा अर्थ मळ नसलेले, लख्ख असा होता. मांडणीतील व्यवस्थितपणाचा अर्थ त्याला लवकरच चिकटला. जे चकाकते ते स्वच्छ, जे स्वच्छ ते व्यवस्थित, अशी ही अर्थाची साखळी आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की या साखळीचा पहिला दुवा डोळ्यांशी जोडलेला आहे. वस्तू कशी दिसते, यावर तो शब्द उभा आहे.

पुढे या शब्दाला अनेक फाटे फुटले. पाणी न मिसळलेल्या मद्याला ‘नीट’ म्हणतात. भेसळ नसलेले या जुन्या अर्थाचा तो अवशेष होय. मराठीत त्या ठिकाणी कोणी ‘नीट’ म्हणत नाही, ‘कोरी’ म्हणतात. ज्या न्यायाने दुधाविना चहा कोरा, त्याच न्यायाने हे. एखादी युक्ती थोडक्यात आणि सफाईने साधली की इंग्रजीत तीही ‘नीट’ ठरते. अमेरिकेत विसाव्या शतकात तर ‘छान’, ‘झकास’ इतक्या सैल अर्थानेही तो शब्द वापरला जाऊ लागला. इंग्रजीत गुराढोरांसाठी असलेला ‘नीट’ हा जुना शब्द मात्र अगदी निराळ्या कुळातला आहे. त्याचा टापटिपीशी काही संबंध नाही. एका उच्चाराचे दोन शब्द एकाच भाषेतही सुखाने नांदतात, हे त्यावरून दिसते.

याच लॅटिन मुळापासून ‘नेट’ हा इंग्रजी शब्दही निघाला आहे. अकोल्याच्या कापूस बाजारात बारदान वजा जाता उरणाऱ्या वजनाला ‘नेट वजन’ म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात चकाकीची कल्पनाही नसते. तरी अनावश्यक ते काढून टाकल्यावर उरलेले निव्वळ, हा मूळ अर्थ तेथे शाबूत आहे. मराठीत ‘नेट’ म्हणजे जोर, चिकाटी. ‘नेटाने काम करणे’ हा प्रयोग त्यातूनच आला. महाविद्यालयीन वर्तुळात ‘नेट’ म्हणजे अध्यापकाची पात्रता परीक्षा, तर ‘नीट’ म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा. ती २०१३ मध्ये प्रथम झाली आणि मध्यंतरीच्या न्यायालयीन खंडानंतर २०१६ पासून पुन्हा सुरू झाली. अकोल्यातील शिकवणी वर्गांच्या फलकांवर आज हा शब्द सर्वाधिक दिसत असेल, तर तो याच अर्थाने. ‘पोराचं नीट आहे’ या वाक्याचे दोन अर्थ आता वऱ्हाडातील कोणत्याही घरात संभवतात आणि त्यातील दुसऱ्या अर्थाने पहिला किती ठिकाणी हिरावून घेतला, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय ठरावा.

टापटिपीसाठी इंग्रजीत दुसरा शब्द आहे ‘टायडी’. तो ‘टाइड’ म्हणजे काळ, वेळ या शब्दावरून आला. त्याचा आरंभीचा अर्थ वेळेवरचे, योग्य वेळी होणारे असा होता. घर आवरलेले असणे म्हणजे प्रत्येक काम वेळच्या वेळी झालेले असणे, ही जाण त्या शब्दाच्या पोटात होती. ती आता इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही स्मरणात नाही.

मराठी ‘नीट’ : सरळपणाचा शब्द

मराठी ‘नीट’चा गाभा निराळा आहे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि विस्तारित दुसरी १८५७ ची. त्या कोशापासून १९३२ नंतर प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत या शब्दाचा मध्यवर्ती अर्थ सरळ, वाकडे नसलेले, योग्य, असाच राहिला आहे. ‘नीट समोर जा’ म्हणजे वळू नको. ‘नीट सांग’ म्हणजे आडवळणाने बोलू नको. ‘प्रकृती आता नीट आहे’ म्हणजे बिघडलेले जागेवर आले. घड्याळ नीट करतात, भांडणही नीट करतात आणि ‘तुला नीटच करतो’ या धमकीत माणसालाही नीट करता येते. या एकाही प्रयोगात ‘कसे दिसते’ हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो ‘कसे वागते’, ‘कसे चालते’ याचा. शिवाय हा शब्द क्रियापदाला लागून येण्यात अधिक रमतो. इंग्रजी ‘नीट’ प्रामुख्याने वस्तूचे विशेषण आहे, मराठी ‘नीट’ प्रामुख्याने कृतीचे.

दिसण्यातील व्यवस्थितपणासाठी मराठीने ‘नेटका’, ‘नीटनेटका’, ‘टापटीप’ असे शब्द राखून ठेवले. ‘नेटका’ हा शब्द इंग्रजीच्या छायेत घडला असावा, अशी शंका क्वचित व्यक्त होते. ती निराधार आहे. इंग्रजांचे राज्य महाराष्ट्रात येण्याच्या फार पूर्वी समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त ‘नेटके’ आढळते. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षर कसे काढावे, ओळ कशी धरावी, पान कसे राखावे याचा तो तपशीलवार पाठच आहे. तेथील टापटीप म्हणजे दर्शनी सजावट नसून अभ्यासाने हाताला लागलेले वळण आहे. आज प्रयोगवहीत ‘नीटनेटकेपणा’ला दोन गुण देणाऱ्या परीक्षकाला हा फरक कितपत अभिप्रेत असतो, हे सांगणे अवघड आहे.

वऱ्हाडीत या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद घेतली. या बोलीची आज्ञार्थी रूपे ‘येजो’, ‘जाजो’, ‘करजो’ अशी होतात. गावाला निघालेल्या माणसाला निरोप देताना ‘नीट जाजो’ असे म्हटले जाते. प्रवासातली काळजी, वाटेतला धोका, पोचल्यावर खबर कळवण्याची अपेक्षा, एवढे सारे त्या दोन शब्दांत असते. सासरी निघालेल्या लेकीला ‘नीट राहाजो’ म्हणताना आईच्या तोंडी जो धाक असतो, तोच आशीर्वादही असतो. पेरणीच्या वेळी तिफनीमागे चालणाऱ्या नवख्या पोराला ‘तास नीट पाड’ असे बजावले जाते. तेथे तर सरळपणाचा मूळ अर्थ अक्षरशः जमिनीवर उमटतो. एकदा तास वाकडे गेले की पुढे डवरणीला बैल रोपांवर जातात. म्हणून शेतातील हा नीटपणा डोळ्यांच्या समाधानासाठी नाही.

मग दिसण्यातल्या नीटनेटकेपणाला वऱ्हाडी काय म्हणते? ती ‘साजरं’ म्हणते. प्रमाण मराठीत ‘साजरा’ हा शब्द मुख्यतः सणापुरता उरला, सण साजरा करतात. वऱ्हाडीत मात्र पोरगी साजरी, घर साजरं, वावर साजरं, बोलणंही साजरं. एखाद्याने घोळ करून ठेवला तर ‘साजरं केलं बापा’ असा उपरोधही याच शब्दाने होतो. शोभणे, जागच्या जागी असणे, मनाला बरे वाटणे या तीनही गोष्टी त्यात एकवटल्या आहेत. इंग्रजी ‘नीट’ला वऱ्हाडी प्रतिशब्द द्यावयाचाच झाला तर तो ‘नीट’ नव्हे, ‘साजरा’ होय. त्यातही चकाकीचा अट्टहास नाही. शेणाने सारवलेली भिंत चकाकत नाही, साजरी असते.

खराटा आणि गोधडी

टापटीप आणि स्वच्छता या कल्पनांची फारकत कोठे होते, हे अमरावती जिल्ह्याला कोशात शोधावे लागत नाही. शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांच्या चरित्रात ते उघड आहे. गाडगेबाबा परीट समाजात जन्मले. इतरांचे कपडे धुऊन त्यांना उजळ ठेवण्याचे काम ज्या समाजाच्या वाट्याला परंपरेने आले, त्या समाजातील हा माणूस स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून, हाती खराटा आणि मडक्याचे खापर घेऊन गावोगाव फिरला. गावात शिरताच आधी झाडझूड आणि रात्री कीर्तन, हा क्रम. इंग्रजी अर्थाने ‘नीट’ म्हणावे असे त्यांच्या वेशात काहीच नव्हते. तरीही महाराष्ट्रात स्वच्छतेचे नाव घेतले की हेच चित्र समोर येते.

हा विरोधाभास वाटतो, तो आपण ‘नीट’ची इंग्रजी कल्पना नकळत मान्य केलेली असते म्हणून. ‘नीट रूम’ असे म्हटले की खोली दिसते, ती झाडणारा दिसत नाही. विशेषण वस्तूला चिकटते आणि कर्ता अदृश्य होतो. गाडगेबाबांनी नेमके उलट केले. त्यांनी कर्त्याला चव्हाट्यावर आणले. स्वच्छ कोण दिसते यापेक्षा झाडतो कोण, हा त्यांच्या खराट्याचा प्रश्न होता आणि जातिव्यवस्थेत तो प्रश्न निरुपद्रवी नव्हता. सोवळ्यातील शुद्धता आणि गावातील स्वच्छता या दोन गोष्टी परंपरेने एकमेकींपासून दूर ठेवल्या होत्या. शुद्ध राहणारा आणि स्वच्छ करणारा हे सहसा एकाच जातीचे नसत. प्रबोधनकार ठाकरे यांना १९५२ मध्ये त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले आणि परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनीही ते लिहिले, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला. त्यांनी ‘शुद्धी’ हा सोवळ्यातला शब्द गावाच्या रस्त्यावर आणला, हे त्या अध्यायाच्या नावातच आहे.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. लोकसहभागातून अनेक गावांनी त्यात खरोखर उल्लेखनीय काम केले. तथापि स्पर्धा, तपासणी समिती आणि गुण हे तिचे स्वरूप असल्यामुळे गाव समितीला कसे दिसेल, हा विचार त्यात अपरिहार्यपणे शिरला. रंगवलेल्या भिंती, चुन्याने आखलेल्या रस्त्याच्या कडा. हा पुन्हा ‘निटिडस’चा, चकाकण्याचा अर्थ झाला. बाबांचा खराटा सकाळी रस्त्यावर फिरत असे तेव्हा तपासणीस कोणी येणार नसे.

नीटस रचना आणि ‘धग’

शब्दाचा हा प्रश्न साहित्यसमीक्षेत अधिक बारीक रूपाने येतो. अव्वल इंग्रजीच्या काळात मराठी गद्याला वळण लावण्याचे काम मोठ्या प्रमाणात झाले. मेजर कँडी यांनी विरामचिन्हे रुजवली आणि पाठ्यपुस्तकांची भाषा घासूनपुसून घेतली. त्या कामाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, हा लेखही त्याच विरामचिन्हांत लिहिला जात आहे. पुढे ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मधून कथा-कादंबरीच्या तंत्राची चर्चा केली. आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि शेवट यांची बंदिस्त वीण ही गुणवत्तेची खूण ठरली. ‘नीटस’, ‘रेखीव’, ‘बांधेसूद’, ‘घोटीव’ ही विशेषणे मराठी परीक्षणांत सर्रास दिसू लागली, ती या वातावरणात. ही सर्व विशेषणे दृष्टीची आहेत. ती मूर्तीला शोभतात, दागिन्याला शोभतात. साहित्यकृतीला ती लावली की कृती एक वस्तू होते आणि समीक्षक तिच्याभोवती फिरून पाहतो.

या मोजपट्टीने वऱ्हाडी बोलीतील लेखन मोजले की निकाल आधीच ठरलेला असतो. ‘रांगडे’, ‘अस्सल’, ‘मातीचा वास असलेले’ ही प्रशस्तीची वाटणारी विशेषणे प्रत्यक्षात ‘नीट नसलेले’ या शेऱ्याचीच सौम्य रूपे आहेत. जे रेखीव नाही त्याला रांगडे म्हणून गौरवायचे, हा समीक्षेतला सोयीचा मार्ग झाला आहे. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांतही तोच गिरवला जातो.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही या संदर्भात कसोटीची कादंबरी आहे. कौतिक, तिचा शिंपी नवरा महादेव आणि त्यांची मुले यांच्या दैन्याची ही कहाणी. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, अशी तिची रचना आहे. या रचनेकडे सामान्यतः बोलीचा वापर करून साधलेले प्रादेशिक वातावरण म्हणून पाहिले जाते. वास्तविक येथे दोन प्रकारचे ‘नीट’ शेजारी शेजारी ठेवले आहेत. निवेदन संयमी आहे, कोठेही आक्रस्ताळे होत नाही. संवाद तुटक, लांबलेले, भांडणाच्या अंगाने जाणारे आहेत. संकटांमागून संकटे येतात, ती उत्कर्षबिंदूकडे चढत जाणारी नाहीत. बाजारात उधारी थकावी तशी ती साचत जातात. शेवटी धाग्यांची सुखद गाठ बसत नाही. फडक्यांच्या तंत्राने पाहिले तर हे सैल वाटेल.

मराठी ‘नीट’ने पाहिले तर? कौतिकची सारी धडपड एका वाक्प्रचारात सांगता येते : संसार नीट लावणे. महादेवला कामाला लावावे, पोराला शिकवावे, चूल विझू देऊ नये. येथील ‘नीट’ दिसण्याचा नाही. पुन:पुन्हा वाकणारी वस्तू सरळ करीत राहण्याचा आहे. कादंबरीही त्याच अर्थाने नीट आहे. ती आडवळण घेत नाही, करुणेसाठी प्रसंग सजवत नाही, पात्राच्या तोंडी त्याला न शोभणारा शब्द घालत नाही. तास सरळ पडले आहे. त्याला रांगडे म्हणणे म्हणजे शेताकडे बांधावरून बागेच्या नजरेने पाहणे होय. शेळक्यांच्या शैलीत एक दोषही आहे आणि तो याच संदर्भात नोंदवणे उचित ठरेल. काही ठिकाणी निवेदनाची प्रमाण भाषा पात्रांच्या मनातील विचार सांगू लागते, तेव्हा कौतिकचे मन एकाएकी पुस्तकी होते. तेथे कादंबरी ‘नीटस’ होते आणि तेवढ्यापुरती ती कमी नीट होते.

हाच प्रश्न छपाईच्या टेबलावर रोज उभा राहतो. गाडगेबाबांच्या १९५६ मधील अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. ते ऐकताना श्रोत्यांना विचारलेले प्रश्न, त्यांच्या उत्तरांची वाट पाहणे, तेच वाक्य पुन्हा म्हणणे हे सर्व कानाला जाणवते. असे बोलणे कागदावर उतरवताना ‘मले’चे ‘मला’ करावे काय, तीनदा आलेले वाक्य एकदाच ठेवावे काय, अर्धवट सोडलेले वाक्य पुरे करावे काय? मुद्रितशोधकाचा हात सवयीने या सर्व ठिकाणी जातो आणि तो हेतुपुरस्सर नसतो. तीनदा म्हटलेले वाक्य एकदाच छापले की मजकूर सुबक होतो. मात्र तिसऱ्या वेळी बाबांना उत्तर देणारा श्रोता त्या पानावरून नाहीसा होतो. वऱ्हाडीतील कविता, म्हणी आणि मौखिक कथने आता मोठ्या प्रमाणात छापली जात आहेत आणि अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत लोकसाहित्याला स्थान आहे. अशा वेळी संपादनाचा किमान नियम असा ठरविता येईल : बोलीचे रूप बदलावयाचे झाल्यास मूळ रूप त्याच पानावर तळाशी द्यावे आणि पुनरुक्ती गाळली असल्यास ती किती वेळा होती हेही नोंदवावे. त्याने पान थोडे गिचमिड दिसेल. ‘साजरं’ दिसणार नाही, हे मान्य. पण ‘नीट जाजो’ म्हणणाऱ्या बाईचे बोलणे वाचकापर्यंत वळण न घेता पोचेल.